आफ्रिकेला जायचं की वेल्ह्याला?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना इन्स्टाग्रामवर एक ठरावीक जाहिरात हमखास समोर येते. कुणीतरी विशीतला मुलगा किंवा मुलगी, खाकी हाफ पॅन्ट, मांडीवर सिंहाचा छावा आणि हातात दुधाची बाटली. खाली मजकूर: दोन आठवडे आफ्रिकेत स्वयंसेवक व्हा, वन्यजीव वाचवा, प्रमाणपत्र मिळवा. फी डॉलरमध्ये. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘व्हॉलंटियर एक्सपीरियन्स’ हा रकाना भरायचा असतो, त्यामुळे ही जाहिरात नेमकी कुणाला दाखवायची हे अल्गोरिदमला बरोबर कळतं.

त्या छाव्याचं पुढे काय होतं हे २०१५ साली ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने जगापुढे आणलं. दक्षिण आफ्रिकेतल्या काही खासगी फार्मवर सिंहांची पैदास केली जाते. पिल्लं आईपासून लवकर तोडली जातात आणि पैसे भरून आलेले स्वयंसेवक त्यांना बाटलीने दूध पाजतात. पिल्लू अनाथ आहे आणि मोठं झालं की जंगलात जाईल, असं त्या मुलांना सांगितलेलं असतं. माणसाच्या हाताला सवयलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. तो वाढला की पर्यटकांसोबत फिरवला जातो आणि शेवटी कुंपणात सोडून पैसेवाल्या शिकाऱ्यापुढे उभा केला जातो. २०२१ साली तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीने हा बंदिस्त सिंहांचा धंदा थांबवावा अशी शिफारस केली. म्हणजे काही हजार मुलांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून, अगदी मनापासून, शिकारीच्या धंद्यासाठी फुकट मजुरी केली होती.

आफ्रिकेतली सगळी केंद्रं अशी नाहीत. १९९० साली, नामिबिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, लॉरी मार्कर यांनी तिथे ‘चीता कॉन्झर्वेशन फंड’ सुरू केला. शेळ्या-मेंढ्या मारतो म्हणून शेतकरी चित्त्याला गोळी घालायचे. मार्करबाईंनी १९९४पासून शेतकऱ्यांना राखणीचे कुत्रे द्यायला सुरुवात केली, तुर्की धनगर पिढ्यान्‌पिढ्या वापरतात त्या अनातोलियन जातीचे. कुत्रा कळपासोबत वाढतो आणि चित्ता जवळ आला की भुंकून त्याला पळवतो. शेळी वाचते, म्हणून चित्ताही वाचतो. अशा ठिकाणी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मांडीवरचा छावा येत नाही. कुत्र्यांची पिल्लं, शेळ्यांचा गोठा, हाडं-मांस तोडणं आणि तक्ते भरणं एवढंच येतं. इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखं त्यात फारसं काही नसतं.

चित्त्याचा आपल्याशीही संबंध आहे. भारतात रानटी चित्ता संपत आला तेव्हा शिकारीचा शौक असलेली संस्थानं आफ्रिकेतून चित्ते मागवू लागली. त्यात आपलं कोल्हापूरही होतं. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले.

मी आफ्रिकेला गेलो नाही, तेवढे पैसे नव्हते. मी गेलो वेल्ह्याला, कॉलेजच्या एनएसएसच्या शिबिराला. स्वारगेटवरून एसटी, नसरापूरला उजवीकडे वळायचं आणि मग तोरणा दिसेपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसायचं. त्या सात दिवसांत जे काम केलं त्याचा इतिहास मला तेव्हा ठाऊक नव्हता. नोकरी लागल्यावर, शनिवार-रविवारी वाचत बसलो तेव्हा तो हळूहळू समजत गेला. हा लेख त्या इतिहासाबद्दल आहे.

२४० तासांची योजना

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. नियम असा आहे: दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. घोषवाक्य ‘नॉट मी बट यू’. शिबिर कसं असतं हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. शाळेच्या खोलीत सतरंज्या, पहाटे थंड पाणी, दिवसा श्रमदान, रात्री प्रबोधनाच्या नावाखाली पथनाट्य. ओढ्यावर सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून वनराई बंधारा बांधायचा, खड्डे खणून रोपं लावायची, फोटो काढायचा. पुढच्या वर्षी दुसरी बॅच, कधी कधी त्याच खड्ड्यांत.

आमच्या शिबिरात बंधारा होताच, पण वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक निवृत्त प्राध्यापक सोबत होते आणि त्यांनी आमच्यापैकी दहा जणांना बाजूला काढलं. गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती. तिथल्या मोठ्या झाडांची यादी करायची, छातीच्या उंचीवर टेपने घेर मोजायचा, फोनवर जीपीएसचा आकडा घ्यायचा आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारून झाडाचं गावातलं नाव लिहायचं. चार दिवस आम्ही तेवढंच केलं. ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनी, बेहडा, उंबर. एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली गारंबीची वेल इतकी जाड होती की तिचाच घेर मोजावा की काय यावर आमचा वाद झाला.

या प्रकाराची एक वंशावळ आहे हे मला नंतर कळलं. टेप घेऊन, गावकऱ्याला नाव विचारत, वेल्हे-भोरच्या देवराया पालथ्या घालणारे लोक माझ्या जन्माच्या आधी पाव शतक येऊन गेले होते.

डोंगर कुणाचा होता

आधी थोडी जमीन समजून घेऊ. भोर आणि वेल्हे म्हणजे बारा मावळांतली हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं, रोहिड खोरं, वेळवंड खोरं. गडकिल्ल्यांमुळे ही नावं आपल्या ओळखीची आहेत. यातला बराच भाग १९४८पर्यंत पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानाचे पाच तालुके गडांच्या नावांनी ओळखले जात: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड, सुधागड आणि पवनमावळ. वेल्हे तालुक्याचं नाव अलीकडे ‘राजगड’ करायचं ठरलं तेव्हा फोनवर बरीच चर्चा झाली. या नावाचा तालुका इथे संस्थानी काळातही होता ही गोष्ट मात्र त्या चर्चेत मला कुठे दिसली नाही.

या डोंगरात राहणारी माणसं उंचीप्रमाणे वाटली गेली होती. खाली खोऱ्यात कुणबी, त्यांची भाताची खाचरं आणि उतारावर नाचणी-वरई. वर सड्यावर आणि माथ्याच्या जंगलात गवळी धनगर, त्यांच्या म्हशी आणि लोणी. लोणी खाली यायचं आणि धान्य वर जायचं. माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की एकाच डोंगरावर राहून दोघांच्या गरजा फारशा एकमेकांवर आदळत नव्हत्या. शिकार कुणबी करत, गवळ्यांचा भर दुभत्यावर असे.

झाड तोडण्यावरही नियम होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं हे सांगताना आंबा-फणसासारखी रयतेची फळझाडं जबरदस्तीने तोडू नयेत, धन्याला राजी करून आणि मोल देऊनच, तीही जीर्ण झालेली, घ्यावीत असा आदेश आहे. सत्तेला लाकूड हवंच होतं. पण झाडाला कुणीतरी धनी आहे हे तिला मान्य होतं.

इंग्रजांच्या १८७८च्या वन कायद्याने हा हिशेब बदलला. सरकारी मुलखात राखीव जंगल आलं, चराई बंद झाली, सरपण हा गुन्हा ठरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध केला. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यामुळे गरीब शेतकऱ्याला शेळी चारायला जागा उरली नाही हे कडक शब्दांत मांडलं. जंगल वाचवायचं म्हणून जंगलातल्या माणसाला बाहेर काढायचं, या कल्पनेवर पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी भांडण झालं होतं. आज व्याघ्र प्रकल्पांवरून होणारी भांडणं वाचताना ते आठवतं.

धरण, रस्ता, कोळसा

मग धरणं आली. भोरजवळचं भाटघर धरण १९२७ साली पुरं झालं. पाणी भोरच्या डोंगरातलं. ते नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडच्या उसाला गेलं. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेत धरण बांधलं जात असताना १२ जुलै १९६१ रोजी ते फुटलं. त्या दिवशी पुण्यात काय झालं याच्या आठवणी पुण्यात घराघरांत आहेत. अर्धा कर्वे रोड, शनिवार, नारायण, पाण्याची रेषा कुठवर होती ते आजोबा दाखवतात. धरणाच्या वरच्या बाजूला काय झालं हे सांगणारे आजोबा मात्र आपल्या घरात नसतात, कारण ते वेल्ह्यात असतात.

वर झालं ते असं. खोऱ्यातली चांगली भातजमीन पाण्याखाली गेली आणि बरीच माणसं उतारावर सरकली. धरणाच्या कामासाठी रस्ता झाला. रस्त्यावरून पुण्याचे कोळशाचे व्यापारी वर पोचले. मालकी रानातली झाडं शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावाला विकली, जागच्या जागी भट्ट्या लागल्या आणि जंगलाचा कोळसा होऊन पुण्याच्या चुली-बंबांपर्यंत आला. गाडगीळांनी या भागातली जंगलतोड सांगताना ही साखळी वारंवार मांडली आहे. ‘अडाणी माणसं झाडं तोडतात’ या शहरी समजुतीला ती छेद देते. ज्याची खाचरं बुडाली त्याला पहिला पैसा झाडातून मिळाला, एवढी साधी गोष्ट आहे.

उघड्या झालेल्या त्या डोंगरांवर जागोजागी हिरवे ठिपके उरले. कुठे पाच गुंठे, कुठे पाच एकर. त्या देवराया होत्या.

दोन माणसं आणि एक यादी

देवरायांकडे इतिहासकाराच्या नजरेने आधी पाहिलं दामोदर धर्मानंद कोसंबींनी. ते गणितज्ञ. पुण्याभोवतीच्या डोंगरांत पायी हिंडायचे आणि तांदळ्यांना शेंदूर कोण लावतं, जत्रा कोणत्या वाटेवर भरते याच्या नोंदी घ्यायचे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त त्यांनी मांडलं की आपल्याकडच्या कित्येक मातृदेवतांची ठाणी गावापासून लांब, जुन्या वाटांच्या तिठ्यांवर आहेत, कारण ती शेती येण्याआधीच्या, भटक्या माणसांची आहेत. बिनछपराची देवी आणि तिच्याभोवती न तोडलेलं रान ही त्या काळाची खूण.

हार्वर्डहून पीएचडी करून १९७१ साली परतलेले गाडगीळ पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. विज्ञानवर्धिनी म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था. तिथे वा. द. वर्तक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सह्याद्री पायाखाली घातलेला माणूस, झाडाच्या शास्त्रीय नावासोबत गावातलं नाव आणि औषधी उपयोग सांगणारा. गाडगीळांकडे परिस्थितिविज्ञानातले प्रश्न होते आणि वर्तकांकडे झाडांची ओळख. दोघे मिळून देवराया शोधत हिंडले. १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आणि १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’त त्यांचे निबंध आले. १९८१ साली त्यांनी महाराष्ट्रातल्या २३३ देवरायांची सूची छापली.

त्यांना सापडलं ते असं: देवरायांमधले नियम गावागणिक वेगळे होते. कुठे वाळलेली काडीसुद्धा न्यायची नाही. कुठे फळं आणि औषध चालतं, कुऱ्हाड चालत नाही. कुठे एखाद्याचं घर जळालं तर देवीला कौल लावून एखादं झाड मिळतं. देवीला छप्पर नको असतं. आणि अनेक ठिकाणी गावाचा झरा किंवा ओढ्याचा उगम त्याच रानात असतो.

या कामाची बातमी पसरल्यावर घडलेली एक गोष्ट गाडगीळ पुढे अनेकदा सांगत. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची देवराई वनखात्याच्या तोडीत जाणार होती. कुणी पुण्याची माणसं देवरायांचा अभ्यास करतात हे गावकऱ्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनीच वर्तक-गाडगीळांना गाठलं: आमचं पाणी या रानावर आहे, खात्याला तुम्ही सांगा. हे दोघे गेले, पाहणी केली, खात्याला लिहिलं आणि तोड थांबली.

मला या गोष्टीत एक तपशील महत्त्वाचा वाटतो. शास्त्रज्ञांनी गावाला ‘जंगल वाचवा’ असं समजावलं नाही. गावाने शास्त्रज्ञांना बोलावलं, कारण खात्याला जी भाषा कळते ती यांना येत होती. रान गावानेच राखलं होतं. बाहेरच्या माणसाचं काम एवढंच, की गावाला जे आधीच माहीत आहे ते सरकारी कागदावर मोजता येईल असं मांडायचं.

चौथ्या दिवशीचा प्रश्न

आमच्या शिबिरात चौथ्या दिवशी आमच्याच वयाचा गावातला एक मुलगा बरोबर आला. तो शिरवळच्या एमआयडीसीत कामाला होता, सुट्टीवर आला होता. आम्ही टेप लावत होतो, तो झाडाला टेकून बघत होता. म्हणाला, “मोजून झालं की पुढं काय?” आम्ही म्हणालो, अहवाल होईल. “अहवाल कुठं जाणार?” कॉलेजला. “मग गावाला काय?”

प्रश्न चिडून विचारलेला नव्हता. त्याच्या मागे बरंच काही होतं. गावातल्या काही जणांना देवीला आरसीसीचं मंदिर हवं होतं. मुंबईला माथाडीत आणि पुण्याला नोकरीत गेलेल्यांनी वर्गणी जमवायला सुरुवात केली होती. कमी पडणारे पैसे रानातली चार-सहा झाडं विकून उभे राहतील असं कुणीतरी सुचवलं होतं. गुरवाच्या घरातल्या आजी ठाम विरोधात होत्या: “ती उन्हापावसातली हाय, तिला तुमचा स्लॅब कशाला?” पण आजींचं ऐकणारी पिढी गावात राहिलेली नव्हती. जीर्णोद्धारासाठी रान तोडणं हा प्रकार त्या एका गावापुरता नाही. सह्याद्रीभर देवराया याच वाटेने आटत चालल्या आहेत. भीती आणि श्रद्धा यांनी जे रान राखलं, ते भीती गेल्यावर आणि श्रद्धा देवळात शिरल्यावर कोण राखणार?

त्यात जमिनीचे व्यवहार. तोरण्या-राजगडाच्या पायथ्याशी ‘फोर्ट व्ह्यू’ प्लॉटच्या पाट्या वाढत आहेत. माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ज्या गप्पा होतात त्यांत वेल्ह्याचा गुंठ्याचा भाव हा कायमचा विषय आहे. सातबारा स्वच्छ आहे ना, पाणी आहे ना, एवढं विचारलं जातं. पाणी कुठून येतं हे विचारलं जात नाही. ते बऱ्याचदा वरच्या त्या पाच एकरांतून आलेलं असतं.

प्राध्यापकांनी मुलाच्या प्रश्नाला हातानेच उत्तर दिलं. यादी तीन प्रतींत लिहायला लावली. एक कॉलेजला, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावी अशी तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती वही कुणा संस्थेकडून भरून घेऊन कपाटात ठेवलेली असते. आमची यादी ग्रामसभेत वाचली गेली. झाडांची गावातली नावं वाचताना मागे बसलेल्या बायकांनी दोन नावं दुरुस्त केली आणि सुटलेली चार सांगितली. त्यांच्यापैकी कुणाला आजवर हे कुणी विचारलेलं नव्हतं.

वेळासचं कासव

विद्यार्थी आणि गाव यांची गाठ नीट पडली तर काय होऊ शकतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण घाटाखालचं आहे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’चे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचले. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात आणि बहुतेक अंडी खायला किंवा विकायला उकरली जातात. मग पहाटे किनारा चालत जायचं, घरटं सापडलं की अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागी तेवढ्याच खोलीवर पुरायची, साधारण ४५ ते ५५ दिवस राखायची आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची, असं काम सुरू झालं.

संस्थेने पगारी राखणदार गावातलाच घेतला. काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला, पुण्या-मुंबईची माणसं पिल्लं बघायला येऊ लागली, आणि त्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांत झाली. मोदक-सोलकढीचे पैसे गावात राहिले. उकरलेल्या अंड्यांपेक्षा जगलेलं पिल्लू गावाला जास्त देऊ लागलं. हिशेब नामिबियातल्या कुत्र्यासारखाच: तिथे शेळी वाचली म्हणून चित्ता वाचला, इथे घरात चार पैसे आले म्हणून कासव. वेळासला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीही पिल्लू हातात धरून फोटो काढायचा नसतो, दोरीच्या मागे उभं राहायचं असतं. पहिल्यांदा गेल्यावर अनेकांचा हिरमोड होतो.

वेल्ह्या-भोरच्या देवराईत महोत्सव भरवता येत नाही, आणि भरवूही नये. गर्दीने तिथलं जे आहे तेच जाईल. म्हणून इथलं कोडं अवघड आहे. रान राखणाऱ्याला राखल्याबद्दल काय मिळणार? खाली ऊस पिकतो, पुण्याच्या नळाला पाणी येतं, वर मात्र आजींच्या शब्दाशिवाय काही नाही.

कागदावरचं जंगल

सरकारने उत्तर शोधलं नाही असं नाही. १ नोव्हेंबर १९८७ रोजी एक तुकडी नवापूरहून आणि एक कन्याकुमारीहून पायी निघाली आणि २ फेब्रुवारी १९८८ला दोन्ही गोव्यात रामनाथीला भेटल्या. पश्चिम घाट बचाव मोहीम. त्यात वाटेवरच्या गावांतली माणसं होती, शहरांतले कार्यकर्ते होते आणि सुट्टी काढून काही दिवस चाललेले विद्यार्थीही होते. पश्चिम घाट नावाची एक सलग गोष्ट आहे, हे त्या शंभरेक दिवसांनी लोकांच्या मनात रुजवलं. २०१० साली गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. समितीने ऑगस्ट २०११मध्ये अहवाल दिला आणि सरकारने तो दडवला. माहितीच्या अधिकाराची लढाई होऊन मे २०१२मध्ये तो बाहेर आला. काय राखायचं आणि कसं, हे ग्रामसभांनी ठरवावं, अहवाल त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे ठेवावा, असा गाडगीळांचा आग्रह होता. तसं झालं नाही. पुढे कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील गावांची यादी केली. तिच्यात भोर आणि वेल्ह्याची गावं आहेत. २०१४पासून केंद्र सरकार मसुद्यामागून मसुदे काढतं आहे, जुलै २०२४मध्ये सहावा निघाला.

मधल्या काळात गावात पोचली ती अफवा: यादीत नाव आलं की घर बांधता येणार नाही, गोठा दुरुस्त करता येणार नाही. १८७८ची आठवण रक्तात असलेल्या माणसाने ती खरी मानली तर नवल नाही. जंगलाबद्दलचा सरकारी कागद आपल्या फायद्याचा असू शकतो, असा अनुभव त्याला पिढ्यान्‌पिढ्या आलेला नाही. गाणीच्या लोकांना तो एकदा आला, तोही त्यांनी स्वतः माणसं बोलावली म्हणून.

तर जायचं कुठे?

आता कॉलेजात असलेली माझी चुलत बहीण हाच प्रश्न विचारते. तिला प्राण्यांसाठी काहीतरी करायचं आहे आणि तिच्या फोनवर तोच सिंहाचा छावा येतो. मी तिला आफ्रिकेला जाऊ नको म्हणत नाही. तीन गोष्टी विचारून घे म्हणतो. तुला तिथे कुणी बोलावलंय, तिथल्या माणसांनी की ट्रॅव्हल कंपनीने? तू गेली नाहीस तर ते काम अडणार आहे का? आणि तू परत आल्यावर तुझ्या नोंदी कुणाकडे राहणार? ज्या केंद्रात प्राण्याला हात लावायला मिळतो त्याबद्दल तर दुप्पट शंका घे.

मोजण्याची साधनं आता खिशात आहेत. ई-बर्ड, आयनॅचरलिस्टवर कुणीही नोंद करू शकतं. गाडगीळ-वर्तकांची यादी २३३ देवरायांची होती. पुढच्या सर्वेक्षणांत महाराष्ट्रातला आकडा सोळाशेच्या आसपास गेला. जुन्या याद्यांमधल्या किती जागा आज रान म्हणून उरल्या आहेत हे जागेवर जाऊन बघण्यासारखं काम कुठल्याही एनएसएस युनिटला २४० तासांत करता येईल. त्याला डॉलर लागत नाहीत, एसटीचं तिकीट लागतं. वाढत्या वर्षांचा एक फायदाही आहे: पंधरा वर्षांपूर्वीचा घेर कागदावर असेल तर झाड किती वाढलं किंवा कधी गेलं हे सांगता येतं. पहिला आकडा कुणीतरी लिहून ठेवावा लागतो.

आमच्या गावातल्या मंदिराचं काय झालं असं ती विचारते. मंदिर झालं, पण रानाच्या बाहेर, गावठाणात. देवीचा मुखवटा तिथे आणि तांदळा जुन्या जागी, उघड्यावर. झाडं विकायची की नाही यावर ग्रामसभा बसली तेव्हा शिरवळला नोकरी करणाऱ्या त्या मुलाने ग्रामपंचायतीतली यादी काढून आणली आणि विकायची म्हणून ठरलेली झाडं कोणती, किती घेराची, कुठल्या झऱ्याच्या वर, हे वाचून दाखवलं. आजींनी कौल लावला. कौल काय आला असता हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, पण तरी लावला. झाडं आज उभी आहेत. पुढच्या वर्गणीच्या वेळी असतील का, ते त्या गावात त्या वेळी कोण राहत असेल त्यावर आहे.